एका कोसावरची जत्रा

मोहटोल्यात शकुबाईचा शब्द चालायचा. सावली या बाजारगावापासून दीड कोसावरचं हे धानाचं गाव. रोवणीच्या दिवसांत कोणाच्या धानाच्या बांधीत किती बाया लागतील हे ती बांधावर उभी राहून सांगायची आणि तेवढ्याच लागायच्या. लग्नघरी तांदूळ किती शिजवायचे, बाळंतिणीला काय द्यायचं, भांडलेल्या जावांपैकी आधी कोणाची समजूत काढायची, सगळं तिला विचारून व्हायचं. नवरा लटारू मऊ स्वभावाचा. बैलाशीसुद्धा हळू बोलायचा. त्यामुळे घरातला शेवटचा शब्द तिचाच असे आणि बहुधा तो बरोबर निघे. एकदा मात्र चुकला. जत्रेत गेल्यावर उतरायचं कुठे, एवढीच ती गोष्ट होती.

त्यांना एकच मुलगी जगली, येनू. चार वर्षांची असताना तिला ताप भरला, आठ दिवसांनी उतरला, पण डावा पाय घेऊन गेला. पाय होता, त्यात ताकद नव्हती. पुढे तो वाढलाही नाही. येनू डावा हात गुडघ्यावर दाबून, कमरेत वाकत वाकत चालायची. घरात, अंगणात, फार तर विहिरीपर्यंत. त्यापुढे शकुबाई तिला जाऊ देत नसे. ना कोणाच्या लग्नाला, ना सावलीच्या बाजाराला. लोक म्हणायचे, माय पोरीला फार जपते.

सोळाव्या वर्षी, बावन्न सालच्या माघात, येनूनं पहिल्यांदा हट्ट धरला. शेजारची रुखमाबाई आदल्या साली मार्कंड्याच्या शिवरात्रीच्या जत्रेला जाऊन आली होती आणि वर्षभर तिथल्या रहाटपाळण्याचं वर्णन करत होती. चार लाकडी पेट्या, एकेका पेटीत दोघं बसायचं. खालून दोन माणसं चाक फिरवतात. पेटी वर गेली की वैनगंगेचे दोन्ही काठ दिसतात आणि खालची माणसं कोंबड्यांएवढी होतात.

"अन् पाय कुठी ठेवा लागते?" येनूनं तिला विचारलं होतं.

"पायाचं काय काम वो तिथी? नुसतं बसून राह्याचं."

हे उत्तर येनूच्या मनात बसलं. तिनं बापाजवळ गोष्ट काढली. लटारूनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ. तीन दिस राहू. तुले पाळण्यात बसवतो."

शकुबाईनंही नाही म्हटलं नाही. जत्रेचा नवस तिचाही राहिला होता. प्रश्न उरला तो मुक्कामाचा.

लटारू इतवारीकडे चौकशी करून आला. इतवारी दरसाल जत्रेत बांगड्यांचं दुकान लावायचा. त्यानं सांगितलं की नदीच्या रेतीवर जत्रेतच बांबूच्या तट्ट्याच्या झोपड्या घालतात. खाली धानाचं तणस अंथरलेलं असतं, भाडं थोडकं. गर्दी असते, गलका असतो, पाणी नदीचंच प्यावं लागतं. पण झोपडीच्या तोंडाशी बसलं की पाळणा समोर, सर्कशीचा तंबू समोर, आणि सांजेला गॅसबत्त्या लागल्या की खरी जत्रा तेव्हाच सुरू होते.

"आपन तिथीच राहू," लटारू घरी येऊन म्हणाला. "पोट्टीले चालाले जमत नाई. झोपडीतून चाळीस पावलं गेलं का पाळणा."

शकुबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "भागीरथाचं घर एका कोसावर असताना रेतीत झोपाचं? ते काय म्हनन? मावसबहीन आहे माही."

"तिच्याकडे एक दिस भेटून येऊ ना."

"अन् हैजा? परसाल जत्रेत उलट्या-ढाळ झाले लोकाले, रुखमाबाईच सांगत होती. भागीरथाच्या घरी विहीर आहे, कोठा आहे, बैलायले सावली आहे. बंडी आपलीच आहे. रोज सकाळी जाऊ, सांजी येऊ."

 लटारू म्हणाला, "जानं-येनं करन्यातच दिस जाईन."

"नाई जात."

तिची सगळी कारणं खरी होती. हैजाची भीती खरी होती, विहीरही होती, बहीणही रुसलीच असती. पण ज्या कारणासाठी ती बोलत होती ते तिनं तोंडाबाहेर काढलं नाही. उघड्या तोंडाच्या झोपडीत तीन दिवस राहायचं म्हणजे येनू येता-जाता साऱ्यांना दिसणार. ती उठणार, गुडघ्यावर हात ठेवणार, वाकणार, आणि दहा गावची माणसं थांबून पाहणार. बहिणीच्या घरी दार लावता येत होतं.

शेवटचा शब्द तिचा झाला.

शिवरात्रीच्या दोन दिवस आधी त्यांनी उथळ पाण्यातून बंडी नदीपार नेली आणि दिवस कलताना चिचटोल्याला भागीरथाच्या दारी सोडली. घर मोठं होतं. पुढे पडवीसारखी लांब सपरी, मागे आंगण, मध्ये सात-आठ खोल्या. भागीरथाचा नवरा भैयाजी गावचा मानाचा माणूस. त्याचा धाकटा भाऊ गुणवंतराव त्याच घरात राहायचा. पस्तिशीच्या आसपासचा, बोलायला कमी. त्याची बायको गेल्या पावसाळ्यात बाळंतपणात बाळासकट वारली होती. मागे दोन मुली होत्या, एक पाच वर्षांची आणि एक दीड वर्षांची. धाकटी दिवसभर किरकिर करायची आणि कोणाकडेच राहायची नाही.

दुसऱ्या दिवशी जत्रेला निघायचं तर आधी भैयाजीची पूजा, मग जेवण. पाहुण्यांना उपाशी कसं सोडायचं? निघेपर्यंत उन्हं डोक्यावर आली. वाटेत बंड्यांची रांग लागली. जत्रेच्या अलीकडे आमराई होती, तिथेच सगळ्या बंड्या अडवत होते. पुढे चालत जायचं. आमराईपासून देवळापर्यंत नुसती रेती. येनूचा पाय रेतीत रुतायला लागला. दहा पावलांवर ती थांबली. लटारूनं वाकून तिला पाठीवर घेतलं.

सोळा वर्षांची मुलगी बापाच्या पाठीवर. लोक पाहणारच. कोणी पोराला बोट करून दाखवलं, एका म्हातारीनं चक्क येऊन विचारलं, "जन्माचंच हाय का वो?"  शकुबाईनं आपल्या पदराचा सोगा येनूच्या लोंबणाऱ्या पायावर टाकला आणि तो धरून बाजूनं चालत राहिली. येनू मात्र पाहणाऱ्यांकडे पाहतच नव्हती. ती पुढे पाहत होती. तंबूंच्या वर पाळण्याची एक पेटी येत होती, थांबत होती, आणि खाली जात होती.

देवळातल्या रांगेत दिवस गेला. दर्शन घेऊन बाहेर आले तेव्हा सूर्य नदीपलीकडे टेकला होता आणि पाळण्याजवळ एक माणूस गॅसबत्तीला पंप मारत होता.

"बाबा, आता," येनू म्हणाली.

पण बरोबर आलेला भैयाजी घाई करत होता. चिचटोल्याच्या वाटेवर नाला होता, दोन्ही बाजूंनी दाट रान. आठवड्यापूर्वीच तिथे वाघानं गुराख्याची गाय मारली होती. "अंधार पडाच्या आत नाला पार झाला पाह्यजे, लटारूभाऊ. पाळना काई पळून नाई जात."

लटारूनं बायकोकडे पाहिलं. शकुबाई म्हणाली, "उद्या बसन ते."

बंडी आमराईतून निघाली तेव्हा मागे एकेक बत्ती लागत गेली. येनू बंडीत मागच्या बाजूला तोंड करून बसली होती. झाडं आडवी आली तरी ती तशीच बसून राहिली.

उद्या म्हणजे शिवरात्रच. भागीरथा म्हणाली, आज जत्रेत पाय ठेवायला जागा नसते, पोरगी चेंगरून जाईल, तिला घरीच ठेवा. म्हणून लटारू आणि भैयाजी दोघेच गेले. बायका घरी राहिल्या. उपासाची रताळी उकडली, शिंगाडे सोलले. येनू सपरीच्या कोपऱ्यात बसून शिंगाडे सोलत होती. गुणवंतरावाची धाकटी लुटूलुटू चालत तिच्याजवळ आली आणि तिच्या मांडीत चढून बसली. येनूनं शिंगाड्याचा गर बोटानं कुस्करून तिच्या तोंडात घातला. पोर खाता खाता तिथेच झोपली. इतक्या महिन्यांत ती कोणाच्या मांडीवर न रडता झोपली नव्हती. गुणवंतराव गुरांच्या कोठ्यातून वैरणीचा भारा घेऊन येत होता, तो हे पाहून थांबला. भागीरथानंही पाहिलं.

तिसऱ्या दिवशी शकुबाईनं घाई करून सगळ्यांना लवकर बाहेर काढलं. दुपारी ती तिघं पाळण्याजवळ पोचली. तर पाळणा उभा. पेट्या रिकाम्या, आणि पाळणेवाला बिरजू चाकाखाली धोतर अंथरून पडलेला.

"रात भर चलाया है, भाऊ," तो उठून बसत म्हणाला. "दोपहर को कोई नहीं बैठता. सांजी या."

"सांजी आमाले परत जा लागते," लटारू म्हणाला. "ह्या पोट्टीपुरता फिरवाना एक डाव."

बिरजूनं येनूकडे पाहिलं, मग तिच्या पायाकडे. माणूस वाईट नव्हता. "फिरवतो. पण एकटीले नाही फिरवता येत. वजन बराबर लागते. समोरच्या पेटीत तुमी दोघं बसा, हिच्या बाजूले माझा भाऊ बसते. हिला उचलून ठेवा लागन पेटीत."

लटारूच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यानं लगेच पागोटं नीट केलं. पण एवढ्या बोलण्यात दहा-पंधरा माणसं भोवती जमली होती. दुपारची जत्रा रिकामी, बघायला दुसरं काही नव्हतं. कोणी म्हणालं, लंगडी पोरगी पाळण्यात बसणार आहे. कोणी पोरांना हाक मारली. बिरजूचा भाऊ येनूला उचलायला दोन्ही हात पुढे करून आला, आणि येनूनंही आपला हात वर केला.

"नको," शकुबाई म्हणाली.

"अवो, एकच डाव," लटारू म्हणाला.

"नको म्हटलं ना. पडली-झडली त? चाल येनू."

येनूचा हात तसाच थोडा वेळ वर राहिला. मग तिनं तो गुडघ्यावर ठेवला आणि वळली. त्या वेळी तिनं बापाला पाठीवर घेऊ दिलं नाही. आमराईपर्यंतची सगळी रेती ती चालत गेली. वाटेत चार वेळा थांबली.

त्याच सांजेला भागीरथानं बहिणीला मागच्या आंगणात नेलं. "शकू, रागावू नको. खरं बोलतो. तुह्या पोरीले कोन करनार? आमच्या गुणवंताले बाई पाह्यजे. पोरगी त्याच्या लेकरायले जीव लावते. खानं-पेनं आहे, घर आहे, मी आहे. इचार कर."

शकुबाईनं विचार केला. खरं तर येनू दहाची झाल्यापासून, गेली सहा वर्षं, पोरीच्या लग्नाशिवाय ती दुसरा कसला विचारच करत नव्हती. लटारूला सांगितलं तेव्हा तो चवताळून उठला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "त्याचं वय पाय! माही पोट्टी आज पाळन्यात बसतो म्हनत होती!"

"अन् आपल्या मागं?" शकुबाई म्हणाली. "आपन दोघं गेल्यावर तिच्या तोंडात घास कोन घालन? सांग ना तूच."

लटारू उठून बैलांकडे गेला.

येनूला विचारलं, हे खरं. आपल्याकडे तेव्हा मुलीला विचारायची रीत नव्हती, पण शकुबाईनं विचारलं.  येनूनं एकच गोष्ट विचारली.

"इथून जत्रा एका कोसावरच आहे ना?"

"हाव."

"मंग दरसाल जाता येईन," ती म्हणाली.

वैशाखात लग्न झालं.

पुढच्या शिवरात्रीला शकुबाई आणि लटारू चिचटोल्याला आले तेव्हा घर ओळखू येत नव्हतं. सपरीत, खोल्यांत, कोठ्यातसुद्धा पाहुणे. भैयाजीच्या सोयऱ्यांची, सोयऱ्यांच्या सोयऱ्यांची, कोण कुठल्या गावची माणसं मुक्कामाला उतरली होती. विहीर आहे, सावली आहे, जत्रा जवळ आहे. त्या घराची कीर्ती आता साऱ्या मुलखात पसरली होती. आदल्या वर्षी आपणही त्यातलेच होतो, हे शकुबाईच्या तेव्हा ध्यानात आलं.

येनू चुलीपाशी होती. दोन चुली, एक बाहेर, एक आत. भागीरथा आता तिची जाऊ झाली होती, पण येनू तिला मावशीच म्हणायची. भागीरथाच्या कमरेला वात धरला होता, म्हणून कष्टाचं काम येनूकडे आलं. तिला उभं राहणं जड जाई, तर तिनं बसून सरकत सरकत काम करायची रीत पाडली होती. बसूनच चुलीकडून पाट्याकडे, पाट्याकडून पाण्याच्या घागरीकडे. धाकटी पोर तिच्या पाठीला चिकटलेली.

लटारू जावयाजवळ गेला. "जवाईबुवा, येनूले एक दिस जत्रेत नेऊ द्या."

गुणवंतराव काही क्रूर माणूस नव्हता. त्यानं येनूवर कधी हात उगारला नाही, तिला कधी पायावरून बोललाही नाही. त्यानं सपरीकडे हात केला. "मामाजी, तीस माणसं आहेत घरी. तिनं गेल्यावर चूल कोन पाहीन? पुढल्या साली नेऊ."

पुढल्या साली येनू बाळंतीण होती. मुलगा झाला होता, तो सव्वा महिन्यातच गेला. त्याच्या पुढच्या साली पस्तीस पाहुणे होते. लटारू दर वर्षी विचारायचा, दर वर्षी तेच उत्तर घेऊन बंडी जुंपायचा. परत जाताना तो बायकोशी बोलायचा नाही. नदी ओलांडून सावलीची वाट लागेपर्यंत बंडीत नुसता चाकांचा आवाज असायचा. एकदाच तो म्हणाला, "चाळीस पावलं होते तिथून." शकुबाईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पंचावन्नच्या पावसाळ्यात लटारूला थंडीताप लागला. नद्या भरलेल्या. चिचटोल्याला निरोप पोचायला नऊ दिवस लागले. येनू आली तेव्हा तेराव्याची भांडी घासून झाली होती.

एकटी राहिल्यावर शकुबाईचं गावातलं बोलणं कमी झालं. लोक विचारायला यायचे, ती म्हणायची, "तुमाले वाटते तसं करा." बायकांना नवल वाटायचं. शकुबाईचा शब्द आटला, असं रुखमाबाई म्हणाली.

सत्तावन्न साली मात्र तिनं एक गोष्ट मनाशी पक्की केली. शिवरात्रीच्या आधी ती इतवारीच्या बंडीतून एकटीच मार्कंड्याला गेली, रेतीवरची एक झोपडी घेतली, आत तणस नीट पसरलं, आणि तशीच चिचटोल्याला जाऊन गुणवंतरावासमोर उभी राहिली.

"येनूले न्याले आलो," ती म्हणाली. "एक दिस, एक रात. मी तिची माय आहे. या वर्षी मी नाई ऐकनार."

भागीरथा भडकली. "हे घर असताना रेतीत राह्याले गेली? लोक काय म्हनन आमाले? अन् सैपाक?"

"तुह्या घरी मी पाच वर्षं पाहुनी राह्यली, भागीरथा. आता माह्या घरी माही पोरगी पाहुनी येईन. तट्ट्याचं का असेना."

गुणवंतराव सासूकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "जाऊ द्या वहिनी. एक दिस आपन पाहून घेऊ." त्यानं स्वतः बंडी जुंपली, आमराईच्या पुढे सोडत नव्हते तर पहाऱ्यावरच्या माणसाशी भांडून रेतीपर्यंत आणली, आणि येनूला झोपडीच्या तोंडाशी उतरवून दिलं. "उद्या सकाळी येतो," एवढं बोलून तो गेला.

दुपार होती. येनू झोपडीत शिरली, तट्ट्याला टेकून बसली. तिनं हातानं तणस चाचपून पाहिलं. समोर मोकळी रेती, पलीकडे पाळणा. या वर्षी आठ पेट्यांचा, लोखंडी. शकुबाई तिला दाखवत होती: तो सर्कशीचा तंबू, ते इतवारीचं दुकान, ते जिलेबीवाले. "सांजी बत्त्या लागल्या का जाऊ. मी बोलून आलो आहो पाळनेवाल्याशी. मी बसतो तुह्यासंगं पेटीत. पाहू दे लोकाले काय पाह्याचं ते."

येनूनं मान हलवली. "थोडी टेकतो," ती म्हणाली आणि आडवी झाली. शकुबाई जिलेबी घेऊन परत आली तोवर तिला गाढ झोप लागली होती.

सूर्य गेला. बत्त्या लागल्या. पाळणा फिरायला लागला, वरच्या पेटीतल्या बायका किंचाळून हसत होत्या, सर्कशीचा बँड वाजत होता. झोपड्या-झोपड्यांतून माणसं उठून निघाली. शकुबाई पोरीजवळ वाकली. "येनू," ती हळूच म्हणाली. येनू हलली नाही. तोंड अर्धं उघडं होतं. बत्तीचा उजेड तट्ट्यांच्या फटींतून तिच्या हातांवर पडला होता. बोटांवर चुलीचे डाग, जुने काळे आणि नवे तांबडे. तळहातावर, सरकताना टेकायची तिथे, टाचेसारखी जाड कातडी चढली होती. वीस-एकवीस वर्षांची बाई. झोपेत पन्नाशीची दिसत होती.

शकुबाईनं तिच्या खांद्यावर ठेवलेला हात काढून घेतला. पांघरूण तिच्या अंगावर ओढलं आणि झोपडीच्या तोंडाशी, उजेडाच्या आड येईल अशी बसून राहिली.

येनूला जाग आली ती सकाळी, बंड्या जुंपायच्या गडबडीनं. तिनं बाहेर पाहिलं.

"काऊन नाई उठवलं, माय?"

"झोपली होती तू."

येनू केस बांधत बसली. रडली नाही, रागावलीही नाही. "चांगली झोप लागली," ती म्हणाली. "कोनी हाकच नाई मारली." मग तिनं पानातली थंड जिलेबी उचलली, अर्धी मायला दिली, अर्धी दोन मुलींसाठी पदरात बांधली. गुणवंतराव बंडी घेऊन येताना दिसला तशी ती गुडघ्यावर हात ठेवून उठली.

त्या उन्हाळ्यात शकुबाईनं बैल दिराच्या मुलाच्या हवाली केले, बांध्या त्याला वाहायला दिल्या, घराला कुलूप घातलं आणि ती चिचटोल्याला राहायला गेली. मोहटोल्यात कुजबुज झाली. जावयाच्या घरी जाऊन राहणं, तिथलं अन्न खाणं, ही आपल्याकडे मान खाली घालायची गोष्ट. जिच्या शब्दाला अख्खं गाव मान द्यायचं ती शकुबाई लेकीच्या घरी चूल फुंकायला गेली, असं लोक बोलले. तिच्या तोंडावरही बोलले. ती "हाव" म्हणाली आणि निघाली.

भागीरथानं तिला बहिणीसारखं वागवलं नाही, पण काढूनही दिलं नाही. कामाला दोन हात वाढले होते. पहाटे उठून पाणी भरणं, धान कांडणं, पाहुण्यांची ताटं घासणं शकुबाई करायची. येनू बसून फोडणी द्यायची, भाकरी थापायची. मायलेकी दिवसभर एका खोलीत असायच्या आणि बोलायच्या फार कमी.

एकोणसाठच्या माघात पुन्हा घर भरलं. दुपारच्या वेळी पाहुणे जत्रेत गेले होते. दोघी सुपं घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. शकुबाईचे हात थांबले.

"येनू, त्या साली तुहा बाप झोपडीत राहू म्हनत होता. मीच नाई म्हटलं."

"मालूम आहे."

"हैजाचं कारन सांगतलं मी. ते नोहतं." तिनं सूप खाली ठेवलं. "मले लाज वाटत होती. तुह्या पायाची. लोकं पाहतीन म्हनून."

येनूनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"ते बी मालूम होतं, माय. लहानपनापासून." तिनं सुपातले तांदूळ पुढे सारले. "लोकायचं मले काई नाई वाटे. लोकं पाहतात अन् जातात. तू लोकायकडे पाहत होती, त्याचं वाटे."

  येनूनं आपलं सूप झटकलं, तांदूळ पातेल्यात ओतले आणि मायच्या सुपातले राहिलेले आपल्याकडे ओढून घेतले.

बाहेर बंडी थांबल्याचा आवाज आला. कोणीतरी लवकर परतलं होतं. सपरीवरून हाक आली, "अवो बाई, पानी आना हो प्याले!"

येनूनं गुडघ्याकडे हात नेला.

"बस तू," शकुबाई म्हणाली, आणि घागर कमरेवर घेऊन बाहेर गेली.